गॅरेजमधला भाडेकरू

तर झालं असं, की मागच्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या कमिटीची मीटिंग होती. अस्मादिक तिथे खजिनदार आहेत. (हौसेने झालेलो नाही. निवडणुकीच्या दिवशी मी ऑफिसात अडकलो होतो, आणि जो हजर नाही तो खजिनदार हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे.) विषय तीन होते. टँकरचं बिल, लिफ्टची एएमसी आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने द्यायला 'ना हरकत'.

पहिल्या दोन विषयांवर दीड तास भांडण झालं. तिसरा चार मिनिटांत संपला.

तो फ्लॅट माझ्या टीममधल्या एकाला हवा होता. त्याला आपण कोट्टायमकर म्हणू, कारण गाव कोट्टायम. एकटा, सव्वीस वर्षांचा, ख्रिश्चन, रात्री दोन वाजता सर्व्हर झोपला की सगळ्यात आधी ज्याला फोन जातो असा. फ्लॅट मीच सुचवला होता. मालकाची काही हरकत नव्हती. पण कमिटीत एका काकांनी विचारलं, "नॉनव्हेज खातो का?" मी म्हणालो, "मासे खातो बहुतेक." दुसरे म्हणाले, "बॅचलर ना? मग नकोच." तिसरे म्हणाले, "तसं आपलं काही नाही हो, पण एकदा दिलं की पायंडा पडतो." झालं! सेक्रेटरींनी इतिवृत्तात एक ओळ लिहिली आणि चहा आला.

मी काय केलं? मी चहा घेतला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग, मिळाला का त्याला?" तेव्हा मला एकदम दुसरंच एक घर आठवलं. घर कसलं, गॅरेज. १९४९ सालचं, आणंद गावातलं. त्या गॅरेजात राहणारा माणूसही केरळचा, ख्रिश्चन, अविवाहित आणि मांसाहारी. त्यालाही गावात कोणी जागा देईना. त्याचं नाव वर्गीस कुरियन. पुढे या माणसाने त्याच गावकऱ्यांबरोबर काय उभं केलं ते तुमच्या-माझ्या फ्रीजमध्ये आहे. हा गॅरेजचा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलाय.

अमूलची गोष्ट आपल्याला माहीत असते असं आपल्याला वाटतं. एक द्रष्टा माणूस आला, त्याने क्रांती केली, टाळ्या. मलाही तसंच वाटायचं. पण या आठवड्यात पुन्हा सगळं वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, की खरी गंमत दुसरीकडेच आहे. ज्यांचं एकमेकांशी पटण्याचं काहीच कारण नव्हतं, अशा माणसांनी ते पटायची वाट न बघता काम कसं सुरू केलं, ही ती गंमत. तीच आज सांगतो.

सुरुवात होते आपल्या मुंबईपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईचं दूध म्हणजे दिव्य होतं. गोठे शहरातच, भेसळ भरपूर. १९४५ मध्ये सरकारने 'बॉम्बे मिल्क स्कीम' सुरू केली आणि दूध आणायचं ठरवलं ते सव्वाचारशे किलोमीटरवरच्या खेडा जिल्ह्यातून. (तेव्हा खेडा आणि आपण एकाच मुंबई इलाख्यात होतो.) दूध गोळा करायचं, आणंदला पाश्चराइज करायचं आणि रेल्वेने मुंबईला पाठवायचं. हे कंत्राट मिळालं पोल्सन कंपनीला. पेस्तनजी एदलजी हे तिचे पारशी मालक, आणि त्यांचं लोणी इतकं प्रसिद्ध होतं की मुंबईतली जुनी माणसं मस्का मारण्याला 'पोल्सन मारणं' म्हणायची. आजोबांच्या वयाच्या कोणाला तरी विचारून बघा, हसतील.

मुंबईला दूध मिळालं, सरकारला समाधान मिळालं, कंपनीला पैसे मिळाले. म्हशीच्या मालकाला मात्र दलाल देईल तो भाव. दूध म्हणजे धान्य नव्हे, की भाव नाही आवडला तर कणगीत भरून ठेवलं. सकाळचं दूध दुपारी नासतं. विकणाऱ्याची घाई ही घेणाऱ्याची ताकद होते. आपल्याकडे नोटीस पिरियड संपत आलेला असताना पगाराची बोलणी करणाऱ्या माणसाची जी अवस्था असते तीच, पण रोज दोनदा.

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांचा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा: दलाल काढून टाका, आपली सहकारी संस्था करा, आणि सरकार ऐकत नसेल तर दूध घालणं बंद करा. सरदारांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावात सभा झाली, ठराव झाले आणि मग पंधरा दिवस दुधाचा संप. मुंबईला जाणारं दूध थांबलं. शेवटी मिल्क कमिशनरला मागणी मान्य करावी लागली. १४ डिसेंबर १९४६ ला 'खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ' रजिस्टर झाला. १९४८ च्या जूनमध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा फक्त दोन गावांच्या सोसायट्या होत्या आणि दूध दिवसाला जेमतेम अडीचशे लिटर. आमची पाण्याची टाकी याहून मोठी आहे.

संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. आणंदचेच, गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. गावोगाव पायी फिरून लोकांना गोळा करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं. संघाने सरकारी क्रीमरीच्या आवारातला जो भाग भाड्याने घेतला होता तिथली यंत्रं म्हणजे भंगार, रोज एक बंद पडायचं.

आणि त्याच आवारात, सरकारी नोकरीत, मे १९४९ पासून एक वैतागलेला तरुण इंजिनियर बसला होता. कुरियन सरकारी स्कॉलरशिपवर अमेरिकेत मिशिगनला शिकून आले होते आणि त्या बदल्यात बाँड भरून दिलेला होता. आणंदला येण्याची इच्छा शून्य. गाव धुळीने भरलेलं, हाताला काम नाही, राहायला गॅरेज. (आपल्यातले किती जण अशा 'बेंच'वर बसलेत, हात वर करा.) कंटाळा आला म्हणून ते शेजारच्या संघाची यंत्रं दुरुस्त करून द्यायचे. एके दिवशी त्रिभुवनदासांना म्हणाले, हे भंगार फेका आणि नवीन पाश्चरायझर घ्या. त्रिभुवनदासांनी पैसे उभे केले. तोवर कुरियन यांचा राजीनामा मंजूर होऊन सामान बांधायची वेळ आली होती. त्रिभुवनदास म्हणाले, यंत्र तुम्ही घ्यायला लावलंत, तर ते बसवून द्या आणि मग जा.

यंत्र बसवायला थांबलेला हा माणूस २०१२ साली वारला तेव्हाही आणंदमध्येच राहत होता.

या दोघांच्या नात्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कुरियन गुजराती नव्हते, शेतकरी नव्हते, शाकाहारी नव्हते, इतकंच काय त्यांना दूधही आवडत नसे आणि हे ते उघड सांगत. ज्या संस्थेत सगळा व्यवहार दुधाचा तिथे हे म्हणजे अवघडच. पण त्रिभुवनदासांनी त्यांना 'आपल्यासारखं' करण्याचा प्रयत्न केलेला कुठे दिसत नाही. शेतकरी मालक, मी त्यांचा नोकर, ही भूमिका कुरियन यांनी आयुष्यभर मिरवली. आणि नोकराचं तांत्रिक डोकं कसं चालवायचं यात मालकांनी नाक खुपसलं नाही. राजकारण, लोक, गावं हे त्रिभुवनदासांकडे. यंत्र, हिशेब, बाजार हे कुरियन यांच्याकडे. सीमा स्पष्ट होत्या, म्हणून भांडण कमी.

मग आला तिसरा भिडू. हरिचंद मेघा दलाया, उत्तर प्रदेशातला, मिशिगनमधला कुरियन यांचा मित्र, दुधाच्या तंत्रज्ञानात पक्का. त्याच्यावर जे काम पडलं ते जगात कोणी केलेलं नव्हतं.

अडचण अशी होती. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. मुंबईची गरज मात्र बारा महिने तेवढीच. हिवाळ्यातलं जादा दूध मुंबई घेत नसे. मग शेतकऱ्याने ते ओतायचं कुठे? उत्तर सोपं होतं, पावडर करा. पण पावडरचं सगळं तंत्र गाईच्या दुधासाठी तयार झालेलं, आणि गोऱ्या देशांतल्या तज्ज्ञांचं म्हणणं असं की म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांनी म्हैस पाहिलेली नव्हती :-)

दलायाने ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रं दिली, न्यूझीलंडच्या सरकारने पैशांचं साहाय्य केलं, शेतकऱ्यांचा संघ पाठीशी होताच. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, म्हणजे सरदारांच्या जन्मदिवशी, पंडित नेहरूंच्या हस्ते म्हशीच्या दुधाची पावडर करणाऱ्या जगातल्या पहिल्या कारखान्याचं उद्घाटन झालं. 'अमूल' हे नावही त्याच सुमाराचं.

आता जरा मागे सरकून यादी बघा. खेड्यातले पाटीदार आणि इतर जातींचे शेतकरी, एक गांधीवादी अध्यक्ष, एक मल्याळी ख्रिश्चन इंजिनियर, एक उत्तर प्रदेशी तंत्रज्ञ, न्यूझीलंडचा पैसा, आंतरराष्ट्रीय संस्थेची यंत्रं आणि गिऱ्हाईक मुंबईकर. पुढे १९६६ मध्ये मुंबईचे जाहिरातवाले सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती नकटी पोरगी दिली. यातला कुठलाही एक काढा, गोष्ट अडते. नुसते शेतकरी असते तर भंगार यंत्रांपाशी अडकले असते. नुसते इंजिनियर असते तर अडीचशे लिटरसुद्धा दूध कोणी विश्वासाने घातलं नसतं. सगळे एकसारखे असते तर सगळ्यांना तेच आलं असतं आणि तेच आलं नसतं.

पण ही झाली वरची माणसं, शिकलेली. माझा खरा प्रश्न खालचा आहे. गावात, जिथे विहिरी वेगळ्या, स्मशानं वेगळी, तिथे सगळ्या जातींचं दूध एका कॅनमध्ये कसं आलं?

याचं उत्तर मला आणंदमध्ये नाही, माझ्या मामाच्या गावात मिळालं. तेही तीस वर्षांपूर्वी, फक्त तेव्हा ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं.

मामाचं गाव कागल तालुक्यात. मे महिन्याच्या सुट्टीत मी रोज सकाळी मामाबरोबर किटली घेऊन डेअरीला दूध घालायला जायचो. रांगेत आमच्या पुढे बहुतेक वेळा आबा असायचे. आबा म्हणजे मामाचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांची कोर्टकचेरी चालू होती, लग्नाकार्यातही एकमेकांकडे बघायचे नाहीत. डेअरीत मात्र आबांचं दूध मापात पडायचं, कॅनमध्ये ओतलं जायचं आणि त्यावर मामाचं. मला राहवलं नाही. परत येताना विचारलं, "मामा, तुम्ही आबांशी बोलत नाही ना? मग दूध एकत्र कसं ओतता?"

मामा म्हणाला, "आरं, दुधाला कुठली आलीया भावकी? त्याची फॅट त्याला, माझी फॅट मला."

त्याची फॅट त्याला, माझी फॅट मला. मंडळी, सहकारावरची अख्खी पुस्तकं वाचून मला जेवढं कळलं नाही तेवढं या वाक्यात आहे.

ज्यांनी गावची डेअरी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. दूध मोजलं जातं आणि प्रत्येकाच्या दुधाचा एक छोटा नमुना वेगळा काढून त्यातली स्निग्धता, म्हणजे फॅट, तपासली जाते. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के, गाईच्या चारच्या आसपास. तपासण्याची जुनी पद्धत निकलाउस गर्बर नावाच्या एका स्विस माणसाची, १८९१ मध्ये पेटंट घेतलेली. अरुंद मानेच्या काचेच्या नळीत गंधकाम्ल घ्यायचं, त्यात मोजून दूध आणि थोडं अमाईल अल्कोहोल घालायचं, आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. आम्ल बाकी सगळं विरघळवून टाकतं, राहते ती फॅट. ती वर येते आणि नळीच्या मानेवरच्या रेघांवर सरळ वाचता येते. आता गावोगाव इलेक्ट्रॉनिक मशीन आलीत आणि आकडा समोरच्या पाटीवर झळकतो, फॅटबरोबर दुधातल्या इतर घनपदार्थांचाही हिशेब होतो. तत्त्व तेच.

याचा परिणाम काय होतो बघा. त्या नळीला जात कळत नाही. दूध पाटलाच्या घरचं की भूमिहीन बाईच्या एकुलत्या एका म्हशीचं, हे तिला माहीत नाही. पाणी घातलंत तर फॅट उतरते, पैसे तुमचेच कमी होतात. म्हणजे शेजारी प्रामाणिक आहे का याची चिंता मला करावी लागत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, आवडून घ्यावं लागत नाही, त्याच्या घरी जेवावं लागत नाही. फक्त त्या मापावर दोघांचा विश्वास हवा. पैसेही वेळच्या वेळी आणि ठरलेल्या हिशेबाने. मामाच्या गावात दहा दिवसांनी बिल निघायचं आणि दिवाळीला वर्षाचा 'फरक' वाटला जायचा. त्या फरकावर मामीची दिवाळीची सगळी खरेदी व्हायची.

आपल्या धंद्यात याला प्रोटोकॉल म्हणतात. दोन मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, भाषा वेगळी, बनवणारी कंपनी वेगळी. तरी ती एकमेकांशी बोलतात, कारण निरोपाचा आकार कसा असावा एवढ्यावरच त्यांचं एकमत आहे. बाकी कशावरही एकमत लागत नाही. आपण मात्र उलटं करतो. आधी मनं जुळू देत, मग काम करू. 'टीम बिल्डिंग' म्हणून रिसॉर्टवर जाऊन डोळ्यांवर पट्ट्या बांधून एकमेकांच्या अंगावर पडतो. आणि सोमवारी कोणाचं काम कुणी ढकललं यावरून पुन्हा भांडतो, कारण मापच ठरलेलं नसतं.

अर्थात फार गोडगोड करायला नको. रांगेत पुढेमागे उभं राहिल्याने गावातली जात गेली का? नाही गेली. ज्याच्याकडे म्हैसच नाही त्याला त्या रांगेत जागाच नाही, आणि म्हैस कोणाकडे नसते ते सांगायला नको. ही बोच ज्यांना बघायची असेल त्यांनी श्याम बेनेगल यांचा १९७६ चा 'मंथन' पाहावा. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो काढला, आणि त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. निर्माते स्वतः शेतकरी असूनही सिनेमा अमूलची आरती करत नाही. गावात सोसायटी येते तेव्हा सरपंचाला अडचण दुधाची नसते, रांगेची असते. दलित वस्तीतली माणसं आपल्याबरोबर रांगेत, आणि वर त्यांना आपल्याएवढंच एक मत! निवडणुकीत सरपंच हरतो आणि मग गावात जे सुरू होतं ते बघवत नाही. शहरातून आलेल्या डॉक्टरची शेवटी बदली होते आणि सोसायटी पुन्हा चालू करतो तो गावातलाच भोला. तेंडुलकर शेवट गोड करणाऱ्यांपैकी नव्हतेच.

टीकाही झाली. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. युरोपात साठून राहिलेली दूध पावडर आणि बटर ऑइल भेट म्हणून घ्यायचं, इथल्या शहरांत त्याचं दूध करून विकायचं आणि त्या पैशांतून गावोगाव सोसायट्या उभ्या करायच्या, अशी ती योजना. १९८३ मध्ये गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त तिच्यावर सणसणीत लेख लिहिला आणि त्यावरून मोठा वाद पेटला. खुद्द कुरियन यांनाही २००६ मध्ये मतभेदांनंतर गुजरातच्या दूध महासंघाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. म्हणजे आयुष्यभर सहकार शिकवलेल्या माणसाचंही शेवटी सगळ्यांशी जमलं नाही. आणि गंमत म्हणजे तरीही संस्था चालू राहिली. मला तर हा त्यांच्या कामाचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळच्या अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी रात्रभर राहिले. घरोघर जाऊन, सगळ्या वस्त्यांत लोकांशी बोलले. कुरियन यांच्या आठवणीप्रमाणे सकाळी शास्त्रीजी म्हणाले, की इथली जमीन काही खास नाही, पाऊस खास नाही, म्हशीही खास नाहीत, मग इथेच का जमलं? कुरियन यांचं उत्तर होतं, की ही डेअरी शेतकऱ्यांच्या मालकीची आहे, एवढाच फरक. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं आणि तेही दिल्लीत नाही, आणंदमध्ये. १९९० चं दशक संपता संपता भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला. दोन गावांपासून सुरू झालेल्या त्या गुजरातच्या महासंघात आज सुमारे ३६ लाख दूध उत्पादक आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ. एकमेकांना न आवडणारेही त्यात भरपूर असतील.

आणखी एक, माझं सगळ्यात लाडकं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार तिघांना मिळून दिला गेला. त्रिभुवनदास पटेल, वर्गीस कुरियन आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी. मुंबईने दूध किती घ्यायचं, पावडर बाहेरून आणायची की नाही, यावर खुरोडी आणि कुरियन यांचे जोरदार खटके उडालेले होते. आरे कॉलनी उभी करणारा तो पारशी अधिकारी आणि हा मल्याळी इंजिनियर, दोघे एकाच पुरस्काराच्या यादीत. एकाने दूध पिकवणारा धरला, दुसऱ्याने दूध पिणारा. भांडत भांडत का होईना, दोघांनी मिळून मुंबईच्या पोरांना चांगलं दूध पाजलं.

असो. आता पुन्हा आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतो.

आमच्या गेटवर संगमरवरी पाटी आहे. नावापुढे लिहिलंय, 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित'. इतकी वर्षं रोज त्या पाटीखालून गाडी काढतो, पण तो 'सहकारी' शब्द मी या आठवड्यात पहिल्यांदा वाचला. आमची नोंदणी आहे ती महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली. म्हणजे कागदावर आम्ही आणि मामाच्या गावची डेअरी भावंडं. पण डेअरीत जे माप आहे ते आमच्याकडे नाही. आमच्याकडे माप म्हणजे त्या दिवशी ज्या काकांचा आवाज मोठा ते. फ्लॅटला कोण चालेल, कोण नाही, याचा आकडा कुठल्याच नळीवर वाचता येत नाही.

बुधवारी रात्री सोसायटीचे उपविधी काढून बसलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. भाडेकरूच्या जेवणाबद्दल त्यात अवाक्षर नाही. लग्न झालंय का याबद्दलही नाही. मग मी एक साधा अर्ज तयार केला. भाडेकराराची प्रत, पोलीस व्हेरिफिकेशन, मेंटेनन्सची थकबाकी नाही याचा दाखला. तिन्ही कागद असतील तर ना हरकत, नसतील तर नाही, आणि हे सगळ्यांना सारखंच लागू, माझ्या मेव्हण्यालासुद्धा. त्याखाली 'मागील निर्णयाचा फेरविचार' असा विषय लिहून सही केली आणि सेक्रेटरींच्या दारात जाऊन हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर त्या दिवशी काही बोलला नाहीत?"

"नाही बोललो," मी म्हणालो. "म्हणूनच लिहून दिलंय."

कोट्टायमकर सध्या कंपनीजवळच्या एका पीजीत राहतो. खोलीला खिडकी नाही, आणि ते मला तेव्हाच कळलं जेव्हा मी शुक्रवारी त्याला सोडायला गेलो. गुरुवारी रात्री रिलीज होतं. पहाटे साडेतीनला प्रॉडक्शनवर जे बोंबललं ते त्यानेच निस्तरलं. साडेचारला आम्ही कँटीनच्या मशीनमधला चहा घेतला. त्यात दूध होतं ते पावडरचंच. सोसायटीत काय झालं ते मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या चहासकट. तो हसला आणि म्हणाला, "सर, सवय आहे." मला ते हसणं काही आवडलं नाही.

मीटिंग येत्या रविवारी अकरा वाजता आहे. आठपैकी तीन जण माझ्या बाजूने आहेत, मला धरून. बाकीच्यांपैकी एका काकांचा नातू बंगळुरूला घर शोधतोय असं ऐकलंय. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येतो.